कर्णाक्का आणि कचेरीतला पाहुणा

पालिकेच्या कचेरीत माझी ओळख फारशी चांगली नाही. मी फाटकात दिसले की पहारेकरी आधी माझ्या मागे किती बाया आहेत ते बघतो आणि मग नमस्कार करतो. त्या इमारतीतल्या माणसांबद्दल मी आजवर जे काही बोलले ते रस्त्यावर उभं राहून, आणि त्यातलं छापण्यासारखं फार थोडं आहे. पण तिथल्या एका बाईबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात घोळत होतं. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी सोडलं तर कुणी घेत नाही. माहिती खात्याच्या गाडीच्या टपावर जो कर्णा बसवलाय, त्यातून येणारा आवाज तिचा. म्हणून अख्खं शहर तिला कर्णाक्का म्हणतं.

उद्या नळाला पाणी नाही, अमुक रस्ता खोदलाय, लहान पोरांना लस द्यायची आहे, ओला कचरा वेगळा ठेवा, हे सगळं आम्हाला सांगणार अक्का. आवाज म्हणाल तर गोड नाही. जाड आहे, थोडा खरखरीत, आणि त्यात एक असा सूर आहे की सांगतेय ती सूचना, पण वाटतं शेजारची बाई खिडकीतून हाक मारतेय. माणूस हातातलं काम टाकून ऐकतो.

माझी तिची पहिली गाठ पडली ती भांडणातच. आमचा मोर्चा चौकात बसला होता आणि तिची गाडी मधेच अडकली. आम्ही घसा फोडून ओरडत होतो. बाईंनी गाडीत बसल्या बसल्या कर्णा चालू केला आणि शांतपणे सांगितलं की पुढच्या बायका एक घोषणा देताहेत आणि मागच्या दुसरीच, तेव्हा आधी एक काय ते ठरवून घ्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खाली उतर म्हणून मी दारावर थाप मारली. ती उतरली, आणि तिचं म्हणणं खरं असल्यामुळे मला आधी बायांची घोषणा एक करून घ्यावी लागली. तेव्हापासून आमची मैत्री आहे. मैत्री म्हणजे आठवड्यातून एकदा भांडायचं आणि त्यासाठी एकमेकींची वाट बघायची.

तिचं घर म्हणजे पुढे नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान आणि मागे दोन खोल्या. नवरा दिवसभर शिलाई मशिनीवर, त्यामुळे घरात कायम खडखडाट. त्यात सासूबाई कानांनी अधू. या खडखडाटातून सासूबाईंच्या कानापर्यंत पोचायचं तर वाक्य छोटं हवं, आणि महत्त्वाचा शब्द आधी हवा. ‘औषध. घेतलंत का.’ ‘दार. उघडं राहिलंय.’ अक्काची सगळी कला या घरात घडली. वर ती म्हणते की ज्या बाईनं माझ्या सासूला एका दमात समजावलं तिला शहर म्हणजे काय मोठं. नम्रता वगैरे तिच्या गावीही नाही. स्वतःच्या आवाजाचं कौतुक ती स्वतःच करते, दुसऱ्यानं उशीर लावला तर.

माहिती खात्याची एक पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कचेरीच्या मागच्या बाजूला गाड्या धुवायची फरशी आहे आणि तिला लागून दगडी पायरी. कुठलीही सूचना गाडीवर जाण्याआधी या पायरीवर वाचायची. ऐकायला कोण, तर हातात पाइप घेतलेला गाडीचा ड्रायव्हर, चहा करणारी मावशी, भित्तिपत्रकं काढणारा चित्रकार, आणि त्या वेळी आडवं येईल ते कुणीही. वाचायचं एकदाच. ऐकणाऱ्यानं कागद मागायचा नाही. वाचून झाल्यावर एकानंही ‘म्हणजे कधी?’ किंवा ‘आमच्याकडे पण का?’ असं विचारलं, की सूचना नापास; परत लिहायची. हा नियम कुठल्या साहेबानं केलेला नाही. अक्का आणि ड्रायव्हर या दोघांच्या जुन्या वादातून तो निघाला. ड्रायव्हरला सगळे ब्रेकदादा म्हणतात, कारण तो चालवतो थोडं आणि थांबतो फार. गाडी थांबवून लोक त्यालाच शंका विचारायचे आणि तो वैतागायचा. एकदा म्हणाला, बाई, तुम्ही बोलून मोकळ्या होता, उत्तरं मी देत बसतो. आधी मलाच सांगत जा. तिथून पायरी सुरू झाली.

तर अशा या खात्यात एआय आलं.

आलं ते परिपत्रकावर बसून. ‘सर्व कर्मचाऱ्यांचा सक्रिय सहभाग अपेक्षित आहे’ असं त्यात लिहिलेलं होतं. सहभाग म्हणजे काय, तर सभागृहात खुर्च्या मांडायच्या, पडद्यावर चाललेलं बघायचं आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या. बाहेरून आलेल्या माणसानं एक ओळ टाइप केली आणि यंत्रानं डोळ्यांची पापणी लवायच्या आत कचऱ्यावर भाषण, चित्र आणि गाणं काढून दिलं. चित्रकाराचा चेहरा पडला. चहावाल्या मावशीनं तेवढं विचारलं की हे चहा करतं का, आणि नाही म्हटल्यावर ती निर्धास्त होऊन गेली. ब्रेकदादानं त्याच दिवशी यंत्राचं नाव पाहुणा ठेवलं. आम्हाला न विचारता आलाय, सगळ्यात चांगल्या खोलीत बसलाय आणि जाणार कधी ते कुणी सांगत नाही, असा त्याचा खुलासा.

खात्याच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. शिकलेल्या, हुशार, आणि मला मान्य करायला जड जातं तरी सांगते, कामाच्या. त्यांनी अक्काला खोलीत बोलावून सरळच सांगितलं. शहर वाढलंय, गाडी एकच, टोकाच्या वस्त्यांपर्यंत दिवस मावळायच्या आत सूचना पोचत नाही. तुमच्या आवाजाचा नमुना यंत्राला दिला की ते तुमच्याच आवाजात काहीही बोलेल. खांबाखांबावर कर्णे बसवू आणि सगळ्यांना एकदम ऐकू जाईल. मग तुम्हाला उन्हातान्हात फिरायला नको. तुमची सोय वस्तुभांडारात करू, सावलीत.

अक्काला आधी गुदगुल्याच झाल्या. तिचा आवाज खांबाखांबावर. ती फुलून घरी आली आणि सासूबाईंना ओरडून सगळं सांगितलं. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे तू इथं माझ्यापुढे गप्प बसलेली, आणि तिकडे चौकात बोलतेयस. मग तू बोललीस ते तुला कळणार कसं?”

अक्काचा घास हातातच राहिला. सासूबाई पुढे जेवत होत्या. त्यांनी काही मोठं बोलल्याचा आवही आणला नव्हता, पण बाणासारखं बसलं ते. आपल्या आवाजात उद्या कुणी काहीही सांगेल, आपण भांडारात खराटे मोजत असू, आणि लोक म्हणणार, अक्का म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या बाईंना सांगितलं की आधी महिनाभर पाहुण्याबरोबर काम करते, मग नमुन्याच्या संमतीवर सही करायची की नाही ते सांगते. मोठ्या बाई हो म्हणाल्या. सहीशिवाय त्यांनाही पुढे जाता येत नव्हतं.

आता मी तिला काय सल्ला दिला असेल ते सांगायला नको. मी म्हटलं, बहिष्कार टाक. यंत्राला हात लावू नकोस. आपण फाटकात बसू. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी ती उशिरा येणाऱ्या ब्रेकदादाकडे टाकते. म्हणाली, तुला काही कळायच्या आत फाटकात बसायची सवय आहे, मला आधी आत जाऊन बघू दे. चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी मीच गेले, कारण मला आतलं ऐकायचं होतं.

आत मजाच चालली होती. बाहेरच्या माणसाचं प्रशिक्षण संपलं आणि मग यांनी आपापलं शिकायला सुरुवात केली. चित्रकार तोंड फुगवून बसला होता. पाहुण्यानं काढलेल्या चित्रात हात धुणाऱ्या मुलीला सहा बोटं निघाली, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. ते चित्र त्यानं भिंतीवर लावलं आणि तिथून त्याची भीती गेली. मग तो रोज दहा कल्पना मागायचा, नऊ टाकायचा आणि दहावी स्वतःच्या हातानं काढायचा. ब्रेकदादा कुणाचं लक्ष नाही असं बघून पाहुण्याशी रस्त्यांबद्दल वाद घालायचा. आणि अक्का? अक्कानं पाहुण्याला पहिल्याच दिवशी झापलं. त्याच्या सूचना म्हणजे ‘सन्माननीय नागरिकहो, आपणांस कळविण्यात येते की’. पायरीवर वाचायला घेतलं तर ‘येते की’ला पोचेपर्यंत ब्रेकदादानं गाडीचं चाक धुऊन काढलं होतं. अक्का पाहुण्याला म्हणाली, माझ्या सासूला समजेल असं बोल. मग ते सुधारलं. मग आणखी सुधारलं.

आणि मग बाई घसरली. पाहुण्याला पद्य जमतं हे तिला कळलं.

लहानपणापासून तिला गाणी जुळवायची हौस, पण दुसऱ्या ओळीला शब्द सुचायचा नाही. आता पहिली ओळ टाकली की पुढच्या तीन तयार. कचऱ्यावर गाणं, लसीवर गाणं, मोकाट कुत्र्यांवर तर सहा कडवी. लोकांनाही आवडली. पोरं गाडीमागे धावत गायला लागली. अक्काचे पाय जमिनीला टेकेनात. मोठ्या बाईसुद्धा खूश झाल्या आणि वरच्या साहेबांना ऐकवायला घेऊन गेल्या.

अशातच जलवाहिनीचं काम निघालं. सांगायचं साधं होतं. उद्या सगळीकडे दिवसभर पाणी नाही, आणि वरच्या गल्ल्यांना परवाही नाही, म्हणून आजच भरून ठेवा. अक्का आणि पाहुणा दोघांनी मिळून गाणं केलं:

नळबाईंची उद्या सुट्टी,
बादलीशी त्यांची झाली कट्टी,
वरच्या आळीला रुसवा मोठा,
समजूत घालू, धीर नका सोडू.

शेवटचं यमक जुळलं नव्हतं म्हणून अक्कानं अर्धा तास पाहुण्याशी घासाघीस केली आणि ‘धीर नका सोडू’चं ‘राग हा खोटा’ करून घेतलं. या घासाघिशीत पायरीची वेळ निघून गेली. ब्रेकदादा पाइप घेऊन वाट बघत होता. तिनं त्याला खिडकीतून हात केला. गाण्याला काय विचारायचं, असं म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी आमच्या गल्लीत आली तेव्हा मी दारात होते. खोटं कशाला सांगू, मी टाळ्या वाजवल्या. शेजारीण वरच्या मजल्यावरून पुन्हा एकदा, पुन्हा एकदा म्हणत होती. पोरांनी फेर धरला. गाडी गेल्यावरही मी ‘बादलीशी त्यांची झाली कट्टी’ गुणगुणत जिना चढले, आणि माझ्या हातात रिकामी बादली होती. ती मी रिकामीच ठेवली. आमची गल्ली वरची. सगळ्या गल्लीनं ते गाणं तोंडपाठ केलं आणि एकाही घरानं पाणी भरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोंडचं पाणी पळालं ते अगदी खरंखुरं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाया घेऊन कचेरीच्या फाटकात. रागानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती, आणि त्यातला अर्धा राग माझ्या स्वतःच्या टाळ्यांवर होता. आम्ही घोषणा द्यायला लागलो तर मागच्या पोरांनी तेच गाणं सुरू केलं. बाया हसायला लागल्या. माझा मोर्चा असा हातातून गेला.

मोठ्या बाई बाहेर आल्या. त्यांनी पाण्याचे टँकर पाठवायची सोय आधीच केली होती, म्हणून मी फार ताणलं नाही. पण त्यांनी पायऱ्यांवर उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं की हा खेळ आता बंद. सोमवारपासून यंत्र साध्या भाषेत सूचना देईल. आवाज अक्कांचा, कारण लोकांचा त्यावर विश्वास आहे. अक्का मात्र भांडारात. सहीचा कागद टेबलावर ठेवलाय.

अक्का तिथंच उभी होती. मी पुढे झाले, तर तिनं मला हातानं मागे सारलं.

ती मागच्या फरशीवर गेली. ब्रेकदादा गाडी धूत होता, चित्रकार आणि मावशी पायरीवर. मी तिच्या मागोमाग. दादानं पाणी बंद केलं नाही आणि तिच्याकडे पाहिलंही नाही. लोकांनी काल त्याला ठिकठिकाणी अडवून शिव्या घातल्या होत्या. त्याचं म्हणणं एवढंच होतं की पाहुणा आला तेव्हा आम्हाला विचारलं नाही म्हणून आपण सगळेच चिडलो, आणि मग तूच विचारायचं सोडलंस.

अक्का पायरीवर बसली. चुकले, असं तिनं सरळ म्हटलं, रडगाणं न गाता. मग नाक पुसून म्हणाली की गाणं मात्र चांगलं होतं. चित्रकाराला हसू फुटलं, मग मावशीला, आणि शेवटी दादानं नळ बंद केला.

तिथून चौघं तडक मोठ्या बाईंच्या खोलीत. मी दाराबाहेर उभी राहिले. दार उघडं होतं, आणि नसतं तरी मी ऐकलंच असतं. त्या दिवशी त्या खोलीत बराच आवाज चढला, सगळा इथं मांडत नाही. अक्का बोलली तेवढं मात्र जसंच्या तसं लिहिते.

“बाई, परवा चूक झाली ती माझी. लोकांनी मला शोधलं आणि मी सापडले. उद्या माझ्या आवाजात यंत्र चुकलं तर लोक मलाच शोधणार, आणि मी भांडारात खराटे मोजत असणार. मला तिथं काय चुकलं ते माहीतसुद्धा नसेल. सही मी करणार नाही. पाहुणा राहू दे. पण माझ्या तोंडचं बोलणं माझ्या तोंडून जाईल.”

मोठ्या बाईंनी टेबलावर हात टेकून विचारलं, “आणि टोकाच्या वस्त्यांचं काय? त्यांना सूचना संध्याकाळी कळते. त्यांनी काय करायचं?”

मी बाहेर उभी होते म्हणून बरं, नाहीतर त्यांनी मलाच विचारलं असतं. प्रश्न खरा होता. शेवटी ब्रेकदादानं घसा खाकरला. इतके दिवस तो पाहुण्याशी जो वाद घालत होता तो याचाच. गाडी रोज मधल्या चौकातून निघायची आणि एकच लांबलचक सूचना सगळीकडे वाचत जायची. खालच्यांनी वरच्यांचं ऐकायचं, वरच्यांनी खालच्यांचं. दादाला पाहुण्यानं प्रत्येक वस्तीपुरती वेगळी, तिच्या वेळा सांगणारी छोटी सूचना करून दिली होती, आणि टोकापासून आत यायचा रस्ताही. पाहुण्याचा रस्ता एका जिन्यावरून जात होता, तो दादानं सरळ केला. गाडी प्रत्येक ठिकाणी एका वाक्यात निघाली तर उन्हं कलायच्या आत सगळं शहर फिरून होतं, असं त्याचं म्हणणं.

मोठ्या बाईंनी त्याला विचारलं की हे आधी का नाही सांगितलं.

दादा म्हणाला, “टाळ्या वाजवायच्या कार्यक्रमात बोलायची जागा नव्हती.”

बाहेर मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी खुर्च्या ओढायला सांगितल्या. जेवणाची वेळ टळून गेली तरी पाचही जणं आतच होती, मावशी तेवढी दोनदा चहा आणायला बाहेर आली. ठरलं ते असं की पाहुण्याचा मजकूरसुद्धा पायरीवर वाचायचा, सूट कुणालाच नाही, साहेबांच्या मजकुरालाही नाही. आवाज अक्काचा, तिनं स्वतः बोललेला. सहीचा कागद मोठ्या बाईंनी फाडला नाही, त्या तसल्या नाटकी नव्हेत. तो कोरा होता तसा कपाटात गेला. दोन महिने बघू म्हणाल्या.

ते दोन महिने कचेरीत जत्रा होती म्हणायला हरकत नाही. पायरीवर मोठ्या बाई स्वतः येऊन बसायला लागल्या आणि त्यांचीच सूचना दोनदा नापास झाली. अक्कानं पाहुण्याला नवं काम लावलं. सूचना द्यायची आणि सांगायचं की आता तू वरच्या गल्लीतली ती मोर्चेवाली बाई आहेस, यातलं काय तुला खटकेल ते विचार. म्हणजे मी. एक दिवस तिनं मला पाहुण्यानं केलेली मी वाचून दाखवली. ‘महोदया, आपल्या सूचनेबद्दल आभार, तथापि एक नम्र शंका आहे.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आयुष्यात कधी कुणाला तथापि म्हटलेलं नाही. मी पाहुण्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि मी कशी भांडते ते त्याला तासभर शिकवलं. मावशी म्हणते, तेव्हापासून तो चांगला भांडतो, पण अजून टेबलावर हात आपटत नाही.

पाणी बंद असलं की आता आमच्या गल्लीत गाडी थांबते आणि एवढंच ऐकू येतं: ‘वरची गल्ली. पाणी आज भरा. उद्या आणि परवा नाही.’ गाणं असतं, पण ते सूचना होऊन गेल्यावर, लसीच्या किंवा कचऱ्याच्या दिवशी. गाण्यालाही पायरी आहेच.

मग अक्काचा घसा बसला.

बसला म्हणजे पूर्णच. तोंड उघडलं की वारा. डॉक्टरांनी आठवडाभर कुजबुजायलाही मनाई केली. आणि नेमकं त्याच दिवशी टाक्यांत औषध टाकायचं निघालं. संध्याकाळचं पाणी कुणी पिऊ नये, एवढं शहरभर तातडीनं सांगायचं होतं. कचेरीत अक्काच्या आवाजाची कितीतरी जुनी ध्वनिमुद्रणं पडून होती. पाहुण्याला त्यातली दोन ऐकवली असती तर त्यानं हुबेहूब अक्का काढली असती. कुणाला पत्ताही लागला नसता. वरच्या साहेबांनी मोठ्या बाईंना फोनवर तसं सुचवलंही.

मोठ्या बाई गाडीत बसल्या आणि शिवणकामाच्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या. मी तिथंच होते, अक्काला बोलता येत नाही तोवर माझी बाजू मांडून घ्यावी म्हणून. बाईंनी सगळं सांगितलं आणि विचारलं, काय करू. अक्कानं हातवारे केले. नवऱ्याला वाटलं पाणी हवंय. सासूबाईंना वाटलं सून जेवायला वाढतेय, त्या ताट घेऊन बसल्या. शेवटी अक्कानं नवऱ्याच्या कानावरची खडूची कांडी ओढली आणि कापायच्या टेबलावर, निळ्या कापडावर लिहिलं: ‘माझा आवाज नको. त्याचा त्याला बोलू दे. मी यंत्र आहे असं आधी सांगू दे.’ गिऱ्हाईकाचं कापड होतं. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले.

मोठ्या बाई मान हलवून निघाल्या. तासाभरात मजकूर पायरीवर पास होऊन गाडी निघाली, पहिली टोकाच्या वस्तीत आणि मग आत आत येत आमच्याकडे. आम्ही दुकानाच्या दारात उभ्या होतो. कर्ण्यातून एक गुळगुळीत, अनोळखी आवाज आला: ‘मी यंत्र बोलतंय. अक्कांचा घसा बसलाय म्हणून आज मी. पाणी. आज संध्याकाळचं पिऊ नका. आधी भरलेलं प्या.’

गल्लीतली माणसं बाहेर आली. पाण्याचं सगळ्यांना कळलं होतं, त्याबद्दल एकानंही विचारलं नाही. विचारलं ते अक्काचं. कुणी मिठाच्या गुळण्या सांगितल्या, कुणी हळद, आणि एका म्हाताऱ्यानं सरळ कर्ण्याकडे तोंड करून सांगितलं की तिला म्हणावं फोनवरही बोलू नकोस. ब्रेकदादा खिडकीतून सगळ्यांना हो हो करत होता.

अक्का माझ्याशेजारी उभी होती. मला वाटलं डोळे भरले असतील, म्हणून मी वळून पाहिलं. तिच्या कपाळाला आठ्या होत्या. ती चपला न घालता गल्लीत उतरली, गाडीसमोर हात आडवा करून दादाला थांबवलं, दार उघडून आत वाकली आणि कर्ण्याचं बटण जोरात उजवीकडे फिरवलं. मग बाहेर येऊन गल्लीच्या टोकाकडे, जिथं आवाज पोचला नव्हता तिकडे, बोट दाखवलं आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. चल म्हणून.